उजवीकडे आई, मध्ये बाळ

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या रक्ततपासणीच्या कलेक्शन सेंटरमध्ये माझ्यापुढे अजून एक माणूस होता.

एकच. पण तो काउंटरवर वडिलांचं नाव, वय, मोबाइल नंबर, पुन्हा नाव... असं सांगत उभा होता, आणि पलीकडची मुलगी ते पुन्हा पुन्हा चुकीचं टाइप करत होती. मला आठच्या आत रक्त द्यायचं होतं. आदल्या रात्री आठला गोळी घेतलेली, आता सकाळी आठला दुसरी. रक्त त्या दुसऱ्या गोळीच्या आधीच द्यायचं असतं, नाहीतर रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

"एक्सक्यूज मी," मी म्हटलं, "मला आधी जाऊ द्याल का? आठच्या आत द्यायचंय."

तो वळला. निळा युनिफॉर्म, खिशाला टेस्टर लावलेला, डोळे झोपेतून नुकतेच उठल्यासारखे.

"आठला काय, गाडी आहे?"

"गोळी आहे."

"आणि माझ्या बाबांना भूक आहे." त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे एक काका हाताची घडी घालून बसले होते. "काल जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. रिक्षात पूर्ण रस्ताभर मला ऐकवलंय."

"संघर्ष, जाऊ दे रे तिला," काका म्हणाले. "लिफ्ट अडकल्यासारखा मध्येच काय उभा राहिलायस?"

"संघर्ष?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाव फक्त," तो म्हणाला. "स्वभाव तडजोडीचा आहे." आणि बाजूला झाला.

मी सात अठ्ठेचाळीसला रक्त दिलं. आठला गोळी घेतली. बाहेर पडताना बघितलं तर काका समोरच्या टपरीवर बिस्किटांचा पुडा फोडत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. मी बघितल्यावर त्याने पटकन विजेच्या खांबाकडे बघितलं – जणू खांबाची तपासणी करायलाच आला होता.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिथे होता. एकटाच.

"बाबा कुठेत?"

"घरी. आज माझी टेस्ट आहे. शुगर."

"तुम्हाला शुगर आहे?"

"नाही. पण असली तर लवकर कळलेली बरी."

त्याच्या पुढच्या महिन्यातही तो होता. हातात तोच कागद.

"हे बघा," मी म्हटलं, "ही टेस्ट तीन महिन्यांची सरासरी दाखवते. दर महिन्याला करण्यात काही अर्थ नाही."

"अर्थ आहे," तो म्हणाला आणि शर्टाची बाही वर करून आत गेला.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काशीमिऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाणी तपासणीची लॅब आहे, तिथे मी केमिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या टाक्यांमधलं पाणी तपासते आणि नसलेल्या गोष्टी नाहीत असं लिहून देते. त्या सकाळी मात्र एक गोष्ट होती, आणि ती मोजायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. मीरा रोडचे टॉवर त्याला इमारतींच्या नावांनी नाही, लिफ्टच्या आवाजांनी माहीत होते. राहायला काशीगावात, आई-वडिलांबरोबर. आम्ही चहा प्यायला लागलो. मग सुट्टीच्या दिवशी भेटायला लागलो. तो सगळं बघत असतो, हे मला उशिरा कळलं.

"उसाचा रस नाही," एकदा तो बोटं मोडत म्हणाला, "पाणीपुरी नाही. वडापाव चालतो, पण चटणी नाही. कापलेली फळं नाहीत. मग माणसाने तुला न्यायचं कुठे?"

"कोण माणूस?"

"असाच... एखादा."

त्या एखाद्या माणसाला मी जेसल पार्कच्या खाडीकाठी घेऊन गेले आणि सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते जमलं नसतं. तेविसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. आईने तिची एक दिली. त्याला अडीच वर्षं झाली. गोळ्या आयुष्यभर. इन्फेक्शन झालं तर हॉस्पिटल.

त्याने पायाजवळचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"कुठे असते ती?" त्याने विचारलं. "मागे?"

"नाही. नवी पुढे बसवतात. इथे." मी पोटाच्या खाली, उजव्या बाजूला हात ठेवला.

"म्हणजे आई कायम उजवीकडे."

"हो."

तो उठला, मला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. "मग मी इकडे बसतो. सासूच्या जागेवर नको."

"सासू कोण म्हणालं?"

"...मीच म्हणालो आत्ता."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. "संघर्ष, अजून एक आहे. मूल... होऊ शकतं. नाहीही होणार. आणि झालं तर किडनीला धोका आहे. तू आत्ताच विचार कर."

"मी मुलाचं विचारलं का?"

"विचारशील."

"मला विचारायचं ते वेगळंच आहे," तो म्हणाला. भरती येत होती. काठाला लागलेल्या होड्या एकमेकींना हळूच धक्के देत होत्या. "लग्न करशील?" त्याने होडीकडे बघत विचारलं.

"होडीला विचारतोयस?"

"तिने नाही म्हटलं तर वाईट वाटणार नाही ना..."

मी हो म्हटलं.

लग्न भाईंदर पूर्वेला, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झालं. पांढऱ्या साडीत मी, पांढऱ्या शर्टात तो. जेवणाच्या पंगतीत माझ्या पानात सगळं वाफाळतं आहे ना, हे बघायला नवरदेव स्वतः वाढप्यांच्या मागे फिरत होता. माझे सासरे काशीनाथ, म्हणजे तेच उपाशी काका, सगळ्यांना सांगत होते, "माझ्या शुगरमुळे जमलं बरं का हे लग्न."

*

दीड वर्षाने, एका रविवारी सकाळी, तो चहा गाळत असताना मी म्हटलं, "मला मूल हवंय."

त्याने गाळणी खाली ठेवली. "नको."

"ऐकून तरी घे. मी किडनीच्या डॉक्टर मॅडमना विचारलंय. माझं क्रिएटिनिन एक आहे, दोन वर्षं हललेलं नाही. लघवीत प्रोटीन नाही, बीपी ठीक आहे. एक गोळी बाळाला चालत नाही, ती बदलायची, काही महिने थांबून बघायचं. अशा बायकांपैकी बहुतेकींना मूल होतं. थोडं लवकर होतं, थोडं लहान होतं, पण होतं. किडनी बिघडण्याचं प्रमाण –"

"प्रमाण मला सांगू नकोस." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "प्रमाण शंभर जणींवर काढतात. माझ्याकडे एकच आहे. एकीवर टक्केवारी निघत नाही, सुचेता."

हे उत्तर चूक आहे असं गणिताने सिद्ध करता आलं असतं. पण ते चूक नव्हतं.

आठवडाभर आम्ही एकमेकांशी फार गोड वागलो. ते भांडणाहून वाईट होतं. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या आईकडे जाऊ. त्यांची वस्तू आहे. त्या म्हणतील ते."

त्याला खात्री होती की आई त्याच्या बाजूने बोलेल. मलाही तीच भीती होती.

आई, म्हणजे भीमाबाई, परभणीहून भाईंदरला येऊन तीस वर्षं झाली, पण तिच्या बोलण्यातली परभणी हललेली नाही. ती लसूण सोलत बसली होती. मी बोलले. तो बोलला. तिचा हात थांबला नाही.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही दिलेली किडनी आहे. तुम्हीच सांगा हिला."

"म्या दिली तवा दिली, जावईबापू. आता तिची हाय." तिने लसणाची साल फुंकून उडवली. "देऊन पुन्हा 'नीट वापर गं' म्हणून मागं फिरायला ते काय पातेलं हाय का?"

"पण भीती वाटते."

"वाटणारच की. ऑपरेशनच्या दिवशी मला बी लई भ्या वाटलं होतं. तवा मी माघारी फिरले असते, तर तुम्हाला ही बायको कुठून भेटली असती?"

आई माझ्याकडे वळली. तिने पहिल्यांदा हात थांबवला.

"तुला हवंय का, माय? का कुणी बोललं म्हणून?"

"मला हवंय."

"मग झालं."

आम्ही रिक्षाने परत निघालो. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "काय काय करावं लागेल ते लिहून दे."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक तक्ता लागला. लिफ्टच्या सर्व्हिसिंगचं कार्ड असतं ना, तारीख, तपासणी, सही – तसाच. पहिल्या रकान्यात बीपी, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात सकाळची गोळी, चौथ्यात रात्रीची. शेवटच्या रकान्यात मेकॅनिकची सही. तो रोज सही करायचा.

गोळी बदलली. चार महिने आकडे जागचे हलले नाहीत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता हरकत नाही. मेच्या सुरुवातीला पट्टीवर दोन रेघा आल्या. मी ती पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"ही दुसरी फिकट आहे."

"फिकट असली तरी असतेच."

"नक्की?"

"मी केमिस्ट आहे, संघर्ष."

तो जमिनीवरच बसला. माझ्या पायांना मिठी मारून. त्याच्या केसांना मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि मला त्या वासाने मळमळलं. मी ते त्याला सांगितलं नाही.

पाचव्या महिन्यात बाळ हलायला लागलं. माझी किडनी उजवीकडे, अगदी त्याच्या शेजारी. बाळाने पाय मारला की नेमका तिथेच लागायचा.

"आजीला लाथा मारतंय," मी फोनवर म्हटलं.

"मारू दे," आई म्हणाली. "आतापास्नं वळख झालेली बरी."

*

सप्टेंबरमध्ये माझ्या सासूबाई गावी जाऊन आल्या. त्यांचं नाव शेवंती, माहेर-सासर दोन्ही चिपळूणकडचं. सोबत गोणपाटात बांधलेली पंधरा-वीस पपनसं. गावच्या घरामागच्या झाडाची, माणसाच्या डोक्याएवढी.

"खा गो बाय," त्या म्हणाल्या. "पोटुशी बाईला आंबट हवंच."

आणि मला हवंच होतं. फळ न कापलेलं, घरचं, वरची साल जाड – मी सगळा विचार केला आणि हरकत नाही म्हटलं.

संघर्ष कामावरून आला की हात घासून घासून धुवायचा, गॅलरीत बसायचा आणि पपनस सोलायचा. आधी जाड हिरवी साल, मग पांढरा कापूस, मग प्रत्येक फोडीवरचा तो पातळ कडू पापुद्रा. एवढी जाड बोटं, पण आतली रसाची एकही कळी फुटायची नाही. बाहेर रिमझिम, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि घरभर तो आंबटगोड वास.

"ही तुला," तो पहिली फोड भरवायचा. "ही पण तुला. ही बाळाला." आणि तीही मलाच.

"तू खा ना."

"मी सोलतोय ना. त्यातच पोट भरतं."

तीन आठवडे हे चाललं. माझ्या सगळ्या आयुष्यातल्या सुंदर संध्याकाळी कुठल्या, असं कुणी विचारलं तर मी अजूनही त्याच सांगेन.

मग एका सकाळी लॅबमध्ये माझ्या हातातून ब्युरेटचा, म्हणजे थेंब मोजायच्या काचेच्या नळीचा, एक थेंब जास्त पडला. मी नमुना पुन्हा घेतला. पुन्हा एक थेंब जास्त. मी हात समोर धरला. बोटं थरथरत होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी, आठच्या गोळीआधी, रक्त दिलं. गरोदरपणात माझं क्रिएटिनिन उतरून शून्य पॉइंट आठवर आलं होतं. आता ते दीड होतं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "शरीर किडनी नाकारत असेल. सत्ताविसावा आठवडा आहे... उद्या सकाळी ॲडमिट व्हा. बायोप्सी करू. गोळीची रक्तातली लेव्हल संध्याकाळी येईल, पण मी थांबणार नाही."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"आधी उद्याचं बघू."

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये संघर्षने मला बाकावर बसवलं. स्वतः समोर उकिडवा बसला. माझे थरथरणारे हात त्याने दोन्ही हातांत धरले.

"सुचेता, ऐक. उद्या कुणी मला विचारलं... की दोघांपैकी... तर मी तुझं नाव सांगणार. आधीच सांगतोय. नंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आयुष्यभर बोलली नाहीस तरी. पण तू असायला हवीस, न बोलायला."

मी चिडेन असं मला वाटलं होतं. चिडले नाही. त्याच्या कपाळाला कपाळ लावून बसून राहिले. मध्ये बाळ हललं. संघर्षलाही ते जाणवलं असणार, कारण त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

घरी येऊन मी बॅग भरायला घेतली. दुपारचे तीन वाजले होते. सासूबाई देहभान विसरल्यासारख्या दारात उभ्या होत्या. संघर्षला काय करावं सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की माणूस रोजचं काम करतो. तो गॅलरीत जाऊन पपनस सोलायला बसला. थोड्या वेळाने वाटी घेऊन आला.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस. एक फोड तरी."

मी फोड हातात घेतली. तोंडाशी नेली. त्या वासाने माझा हात थांबला.

ट्रान्सप्लांटनंतर घरी जाताना एक कागद देतात. काय खायचं नाही त्याचा. त्यात ग्रेपफ्रूट असतं. ते मी कधी खाल्लं नव्हतं, आमच्या बाजारात कधी पाहिलंही नव्हतं, म्हणून त्या ओळीकडे मी पुन्हा कधी बघितलं नाही. त्या फळातली रसायनं गोळीचं विघटन थांबवतात, मग गोळी रक्तात साचत जाते. हे मला माहीत होतं. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलं, हेही मला माहीत होतं. दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन कपाटांत ठेवलेल्या होत्या. आज वाटीत त्या शेजारी शेजारी आल्या.

मी फोन लावला.

"मॅडम, लेव्हल आली का?"

"अजून नाही. का?"

"ती खूप जास्त येईल. मी तीन आठवडे रोज पपनस खातेय. अर्ध्याहून जास्त."

मग त्या म्हणाल्या, "खाणं आत्ता बंद. रात्रीची गोळी मी सांगेपर्यंत घेऊ नका. लॅबला मी स्वतः फोन करते."

साडेपाचला लेव्हल आली. सहाच्या आसपास असायला हवी, ती एकोणीस होती. शरीर काही नाकारत नव्हतं. किडनीला गोळीच जास्त झाली होती. बायोप्सी पुढे ढकलली. गोळी थांबवली, मग अर्धी केली, मग पूर्ववत.

सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. "माझ्या झाडानं..."

"आई, झाडाची काय चूक," मी म्हटलं. "शिकलेली मी."

संघर्ष गॅलरीत उभा होता. उरलेली पपनसं त्याने पुन्हा गोणपाटात बांधून ठेवली होती.

"मी भरवत होतो तुला," तो म्हणाला. वळला नाही. "रोज. माझ्या हाताने."

"मी खात होते. रोज. माझ्या तोंडाने."

"मस्करी करू नकोस."

"करत नाहीये. रिपोर्ट वाचतेय. तीन आठवडे एका माणसाने मला पापुद्रा काढून फोडी भरवल्या. त्यात चुकीचं फळ होतं, एवढंच. माणूस बरोबर होता."

तो वळला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं. मी दुसरं काही केलं नाही. फक्त डब्यातली भाजी-पोळी पुढे केली आणि तोंड उघडून उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. शेवटी त्याने घास केला.

दहा दिवसांनी क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ. त्याने तक्त्यावर सही केली, आणि सहीखाली एक रेघ ओढली, जोरात.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं बीपी चढायला लागलं. छत्तिसावा आठवडा. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबायचं नाही. सिझेरियन सकाळी दहाला झालं. कमरेखाली बधिर, पण मी जागी होते. किडनी आणि तिची नळी सांभाळत बाळंतपणाच्या डॉक्टर अगदी हळू काम करत होत्या. मग एक बारीक, रागावलेला आवाज आला. मुलगी. दोन किलो तीनशे.

मला वॉर्डात आणलं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. सिस्टरने बाळाला दुपट्यात गुंडाळून संघर्षच्या हातात दिलं. त्याने तिला छातीशी नीट धरलं, मान सावरली... आणि तसाच माझ्या पलंगाशी खाली बसला.

मला वाटलं, चक्कर आली.

"संघर्ष?"

"हं."

तो माझ्या पलंगाला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत होता. प्लॅस्टिकवर आकडे छापलेले असतात. नळीतून एक एक थेंब येत होता.

"अहो बापा," माझी आई म्हणाली, "लेकरू हातात हाय, त्याचं तोंड तरी बघा!"

"बघतो, आई. साठ मिली झालंय. डॉक्टर म्हणाल्या, तासाभरात शंभर व्हायला हवं. म्हणजे किडनी ठीक आहे."

"मी बघते ना पिशवी," सिस्टर म्हणाल्या.

"मीही बघतो."

बाळ कुरकुरलं. त्याने नजर न हलवता तिला हलकेच थोपटलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. मी पडल्या पडल्या त्याच्या केसांचा भोवरा बघत होते. कमरेखाली मला काहीच कळत नव्हतं. आत काय चाललंय हे मला फक्त त्या वाकलेल्या मानेवरून समजत होतं.

"ऐंशी," तो म्हणाला.

मग बऱ्याच वेळाने, "नव्वद."

आणि मग त्याचे खांदे खाली आले.

"शंभर," तो म्हणाला. इतक्या हळू की ते फक्त मला ऐकू आलं.

त्याने बाहीने डोळे पुसले. मग दुपटं बोटाने जरा बाजूला केलं आणि पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं.

"सॉरी हं," तो तिला म्हणाला. "तुझ्या आईला बघत होतो."